उर्दू शाळेच्या इमारतीत बेघरांचा निवारा : बाजाराच्या हरकती आणि बाजाराचा हिशेब

2023 च्या नोव्हेंबरात लग्नसराईचा माल भरण्याची घाई चालू असताना आमच्या कापड बाजारात एक कागद फिरू लागला. बाजाराच्या मागच्या बोळात महापालिकेची जुनी उर्दू शाळा आहे. मुले कमी झाली म्हणून ती दुसऱ्या शाळेत मिळवली गेली आणि इमारत कुलूप लागून पडून राहिली. त्या इमारतीत शहरी बेघरांसाठी निवारा केंद्र काढण्याचे ठरले होते. कागद हरकतीचा होता. शेजारच्या दुकानदाराने तो गल्ल्यावर आणून ठेवला, "भाईजान, इथे," म्हणून बोट दाखवले, आणि आम्ही सही केली. कागद वाचला नाही.

सही करण्याचे आमचे आणखीही एक कारण होते. त्याच शाळेत आम्ही सातवीपर्यंत शिकलो. (आमचे शिक्षण उर्दूत झाले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो. भाषेत काही उणे दिसले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.) ज्या वर्गात आम्ही पाढे पाठ केले तिथे गर्दुल्ले झोपणार, ही कल्पनाच सहन होईना. शाळा बंद पडली तेव्हा मात्र आम्ही कोणत्याही कागदावर सही केली नव्हती, हेही इथे लिहिले पाहिजे.

बाजाराच्या हरकती खोट्या नव्हत्या. बाहेरच्या माणसाला त्या कठोर वाटतील, पण कापडाच्या धंद्यात बसलेल्याला त्या समजतात. पहिली भीती आगीची. आमच्या बोळात दोन्ही बाजूंना वखारी आहेत. गाठी बांधायचा सुतळी-कागद, प्लॅस्टिक, ग्रे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. बंब आत येत नाही, तोंडाशीच अडकतो. अशा जागी रात्री एका माणसाने विझवायला विसरलेली एक बिडी पुरे. विमा असला तरी तो बँकेच्या कर्जापुरता. माल उधारीचा असतो, आणि उधारी जळत नाही. दुसरी भीती बायाबापड्यांची. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमचा बाजार रात्री एक-दीडपर्यंत चालतो आणि खरेदीला निम्म्याहून जास्त स्त्रिया असतात. त्या रस्त्यावर नशेतले लोक उभे राहू लागले तर गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात जाते आणि परत येत नाही. तिसरी गोष्ट घाणीची. साऱ्या बाजाराला एकच मुतारी, तिथे आणखी शंभर माणसांचा भार. चोरीचे आणि दुकानांच्या पागडीचे बोलणे तर होतेच.

पण सगळ्यांत जास्त राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. कचऱ्याचा डेपो आमच्या अंगाला, खाटीकखाना आमच्या अंगाला, आणि आता हेही. गावात जे कोणाला नको ते आमच्या मोहल्ल्यात, अशी लोकांची भावना आहे आणि ती उगाच झालेली नाही. त्या वेळी महापालिकेवर प्रशासक होते, नगरसेवक कोणी उरला नव्हता. विचारायचे कोणाला?

व्यापाऱ्यांची बैठक झाली. एका बुजुर्गांनी मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याची आठवण काढली. आमचे वालिद मरहूम मंगलदास मार्केटात माल घ्यायला जात तेव्हा त्यांनीही तिथे रात्र काढलेली आहे. मुसाफिराला जागा देणे हे आपल्या लोकांचेच काम, असे बुजुर्ग म्हणाले. त्यावर एका तरुण दुकानदाराने उत्तर दिले, "चाचाजान, मुसाफिर सकाळी निघून जातो. हे कुठे जाणार?" बैठक तिथेच गप्प झाली. त्याला उत्तर आमच्याकडेही नव्हते.

पुढच्या आठवड्यात बेघरांची रात्रीची पाहणी ठरली. ज्या संस्थेला काम मिळाले होते त्यांनी बाजारातर्फे एक माणूस मागितला. कोणी तयार होईना, तेव्हा आमच्यावर आले. रात्री साडेबारा ते तीन आम्ही त्यांच्याबरोबर फिरलो. तीस वर्षे या बाजारात दुकान चालवतो, पण शटर खाली पडल्यावरचा बाजार आम्ही पाहिलेला नव्हता.

आमच्याच दुकानाच्या ओट्यावर, पुठ्ठ्यावर एक माणूस झोपला होता. टॉर्च पडली तसा उठून बसला. "सेठ, आप? इस वक़्त?" तो आमचा हमाल होता. वीस वर्षे आमच्या गाठी वाहतो. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचा, वय आमच्याहून मोठे, बाजारात सगळे त्याला चाचा म्हणतात. आमची समजूत होती की तो चारपाच गाववाल्यांबरोबर खोलीत राहतो. राहत होताच. घरमालकाने ती खोली वखारीला भाड्याने दिली, त्याला दोन वर्षे झाली होती. खोली ज्याने घेतली तो व्यापारी आमच्या बैठकीत आमच्या शेजारी बसलेला होता.

त्या रात्री बाजारात आणि आजूबाजूच्या बोळांत 41 माणसे मोजली. त्यांतले 26 हमाल आणि हातगाडीवाले, सगळे आमच्याच मालावर जगणारे. काही यंत्रमागावरचे कामगार होते. कारखान्यात मागांच्या मध्येच ते झोपत. कारखाना बंद पडला तशी झोपायची जागाही गेली. जेवण अजून बिशीत होते, पण बिशीवाली झोपू देत नाही. तीन स्त्रिया आणि दोन मुले मशिदीमागच्या बोळात होती. नशेत पडलेले पाच होते. नव्हतेच असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणजे ज्या लोकांना आम्ही येऊ देणार नव्हतो ते आलेलेच होते. बिडी ते आमच्या ओट्यावर ओढत होते, वखारीच्या दारापासून दोन हातांवर. मुतारी तीच वापरत होते. खरे सांगायचे तर ओट्यावर कोणीतरी झोपलेले असते म्हणून आम्ही दुकानदार निर्धास्त घरी जात होतो. पगार न देता मिळालेला चौकीदार होता तो.

या विषयाचा कायदा आम्हाला तोवर ठाऊक नव्हता. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत पुसा रोडच्या चौकातला बेघरांचा तात्पुरता तंबू तिथल्या महापालिकेने ऐन थंडीत हटवला. मृत्यूच्या बातम्या आल्या, आणि अन्नाच्या हक्कासाठी 2001 पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेत जानेवारी 2010 मध्ये निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी प्रमाण घालून दिले : दर एक लाख वस्तीमागे किमान एक निवारा, तोही चोवीस तास आणि बाराही महिने. पुढे 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात यासाठी केंद्राचा पैसा ठेवला गेला आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा ठरली. पैसा येऊनही निवारे होत नाहीत, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2016 मध्ये न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली. 2011 च्या जनगणनेत देशभर 17 लाखांहून जास्त बेघर मोजले गेले, त्यांतले नऊ लाखांहून जास्त शहरांत; एकट्या मुंबईत 57 हजारांच्या वर. एका रात्रीत केलेली मोजणी किती पुरी असते ते आम्ही आता सांगू शकतो. आम्ही टॉर्च घेऊन गेलो नसतो तर चाचा आमच्या हिशेबात खोलीतच राहत होता.

आमचा भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी नोकरीला आहे. फोनवर त्याला हे सांगितले तर म्हणाला, "मामू, इथेही हेच झाले होते." तिथे 2015 च्या मार्चमध्ये नगर कौन्सिलने कायदा करून बेघरांच्या तंबूंना शहराच्या मालकीच्या जागेवर परवानगी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बॅलर्ड नावाच्या वस्तीत, भर बाजाररस्त्यावर असा तळ पडला. तिथल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी घेतलेल्या हरकती आमच्या कागदावर होत्या त्याच : चोरी, घाण, नशा, आणि आमच्याच वस्तीत का? जगातले श्रीमंत शहर, पण दुकानदार तो दुकानदारच.

आम्हाला कामाचे वाटले ते त्या कायद्याचे कलम. एका तळात जास्तीत जास्त 100 माणसे. दोन तळांत किमान एक मैलाचे अंतर, म्हणजे सगळे एकाच मोहल्ल्याच्या गळ्यात पडत नाहीत. परवानगी एका वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवून. आणि चालवणाऱ्या संस्थेने शेजाऱ्यांची सल्लागार समिती नेमलीच पाहिजे. बॅलर्डच्या तळात दारू-नशेला बंदी होती आणि पहाऱ्याची पाळी तिथे राहणारेच आळीपाळीने करीत. मार्च 2018 मध्ये तो तळ तिथून हलला. बेघरी त्या शहरातून हलली नाही. भाचा सांगतो, रस्त्यावरचे तंबू अजून दिसतात. एका जागेचा प्रश्न सुटतो, शहराचा सुटत नाही.

दुसऱ्या बैठकीत आम्ही आमची सही मागे घेतली. काही लोक नाराज झाले; एकाने दोन महिने आमच्याशी सलाम-दुआ बंद ठेवली. पण नुसते "नको" लिहिण्याऐवजी अटी लिहाव्यात, हे बहुतेकांना पटले. "नको" म्हटले तर कागद फायलीत जातो. अट घातली तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. आम्ही लिहिले की संडास-मोरी इमारतीच्या आत हवी आणि तयार झाल्याशिवाय कुलूप उघडू नये. बिडी-विडी फक्त आवारात, वाळूच्या बादल्या ठेवून. आत चूल नको, जेवण जवळच्या बिशीतून यावे. देखरेख समितीत बाजाराची दोन माणसे असावीत. आणि पुढचे केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हावे. या शेवटच्या अटीवर अधिकारी हसले; बाकीच्या लेखी मान्य झाल्या. ओळखपत्र नसेल त्याला आत घेऊ नये, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. ते आम्हीच काढून टाकले. ज्याला पत्ता नाही त्याच्याकडे आधारकार्ड कुठल्या पत्त्याचे असणार? उलट कागदपत्रे काढून देणे हे केंद्राचेच काम आहे, असे त्या अभियानाच्या नियमांत लिहिलेले निघाले.

2024 च्या मार्चमध्ये, रमजानच्या आठवडाभर आधी, केंद्र उघडले. 50 खाटांची जागा. बाजारात जळाले काही नाही. चोरी एक झाली, ती केंद्राच्याच पाण्याच्या मोटारीची. एकदा मारामारी होऊन पोलीस आले. मागच्या वर्षी बोळातला एक गाळा विकला गेला, त्याची पागडी कमी आली नाही. रमजानचा धंदा जसा व्हायचा तसा झाला.

घाणीची भीती मात्र खरी ठरली. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे बिल एका कार्यालयात तीन महिने अडकले. सफाईवाल्याचा पगार थांबला, तो येईनासा झाला, आणि वास थेट दुकानांपर्यंत आला. ज्यांनी हरकत घेतली होती ते आम्हाला गाठून म्हणाले, "सांगितले होते ना?" सांगितले होते, कबूल. त्या महिन्यांत बाजारातून वर्गणी काढून सफाई करून घेतली, आणि देखरेख समितीतल्या आमच्या दोन माणसांनी बिलासाठी त्या कार्यालयाच्या पाच खेपा घातल्या. समितीत कोणी नसते तर त्या खेपाही कोणी घातल्या नसत्या.

तीन स्त्रियांचा प्रश्नही तसाच राहिला. इमारतीत वेगळा जिना नाही, म्हणून त्यांना तिथे ठेवता येत नाही. त्यांना शहराबाहेरच्या एका संस्थेत पाठवले. एक महिन्याने परत आली, मशिदीमागेच. तिचे धुण्याभांड्याचे काम इथल्या घरांत आहे.

आणि चाचा अजून आमच्या ओट्यावरच झोपतो. केंद्रात खाट आहे, पंखा आहे, मग का जात नाही, असे आम्ही रागावूनच विचारले. तो म्हणाला, "सेठ, गाडी कहाँ रखूँ?" हातगाडी भाड्याची असते. रात्री चोरीला गेली तर भरपाई त्याच्या अंगावर, म्हणून हातगाडीवाला गाडीजवळच झोपतो. 26 पैकी निम्मे लोक याच एका कारणाने केंद्रात गेलेले नाहीत. इतक्या बैठका झाल्या, इतक्या अटी लिहिल्या, पण हातगाडीचे नाव कोणी काढले नव्हते, आम्हीही नाही.

शाळेच्या मैदानात रात्री गाड्या लावू द्याव्यात, असा अर्ज आम्ही दिला आहे. मैदानाची नोंद खेळाचे मैदान अशी आहे, सबब परवानगी देता येत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. लेखी उत्तर मागितले आहे. तोपर्यंत आमच्या वखारीच्या जाळीच्या दरवाजाआड सात गाड्या साखळीने बांधून ठेवतो. किल्ली चाचाकडे असते. पहिल्या रात्री ती देताना आमच्या मुनीमजींनी आमच्याकडे पाहिले होते; आता पाहत नाहीत. ज्यांच्या वखारींना असे जाळीचे दार आहे त्यांनी आम्हाला जुम्म्याच्या नमाजनंतर दुकानावर भेटावे. अजून सहा गाड्यांची जागा लागते.