घाबरणाऱ्यांचा गट

चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्यांना एकत्र बसवून उपचार करायचे, हे उफराटे वाटते. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हाइमबर्ग यांनी 1980च्या दशकात सामाजिक चिंताविकारासाठी हीच पद्धत बांधली. साधारण सहा जणांचा गट, दोन थेरपिस्ट आणि आठवड्याला अडीच तासांचे एक, अशी 12 सत्रे.

खरी गंमत सरावात आहे. एक जण उभा राहून भाषण करतो, बाकीचे श्रोते. दर मिनिटाला विचारणा होते, ‘आता भीती किती?’ शून्य ते शंभरमधला आकडा सांगायचा, आधी लिहून ठेवलेले वाक्य मोठ्याने वाचायचे (उदा. ‘हात थरथरले म्हणून मी मूर्ख ठरत नाही’) आणि भाषण पुढे चालू. ‘थरथर सगळ्यांना दिसली’ हा समज नंतर गटालाच विचारून तपासता येतो. घरच्यांच्या ‘काही होत नाही रे’पेक्षा हे उत्तर जास्त पटते!

1998मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आठवड्यांअंती फेनेल्झिन हे औषध आणि ही गटचिकित्सा यांनी सुधारणा झालेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. औषधाचा गुण मात्र लवकर दिसला.

चिंतेने रोजची कामे अडत असतील, तर ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते, चोवीस तास.