परग्रहावरील वसाहत आणि वऱ्हाडची काळी माती

मनुष्य परग्रहावर वस्ती करील काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा अग्निबाणापासून सुरू होते आणि तेथेच संपते. प्रवासाचा प्रश्न बिकट आहे खरा. परंतु त्याची दिशा ठरलेली आहे. १९६९ ते १९७२ या काळात बारा मानव चंद्रभूमीवर उतरून सुखरूप परतले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. वस्ती मात्र प्रवासाने होत नाही. ती पाण्याने आणि मातीने होते. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोहो अंगांस सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूरकडे विहीर खणली तर पाणी लागते, पण बहुधा ते ना पिण्याच्या उपयोगाचे, ना पिकाच्या. येथील काळी माती अतिसूक्ष्म कणांची आहे. त्या कणांना सोडियम चिकटला की ते एकमेकांपासून सुटतात, मातीतील छिद्रे बुजतात आणि पावसाचे पाणी खाली न मुरता वरच तुंबते. खारे पाणी दिल्यास हा दोष बळावतो. जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, हा उपाय शास्त्रशुद्ध होय. परंतु सुटलेला क्षार धुऊन काढण्यास गोडे पाणी लागते, आणि ते निघून जाण्यास वाट लागते. येथे नेमक्या याच दोन गोष्टींची वाण आहे. म्हणून शेततळ्यात पावसाचे पाणी साठवावयाचे, आणि पिण्यासाठी अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना वान धरणातून नळ आणावयाचा, असा मार्ग काढावा लागला.

आता मंगळाकडे वळू. २००८ साली फिनिक्स हे यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, तेव्हा तेथील भुशात परक्लोरेट नामक क्षार सुमारे अर्धा टक्का आढळला. हा क्षार मानवी देहातील अवटु ग्रंथीच्या कार्यात बाधा आणतो. तो पाण्यात सहज विरघळतो, तेव्हा धुऊन काढता येईल, असे उत्तर दिले जाते. खारपाणपट्ट्यातही उत्तर हेच होते! मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहून कमी आणि सरासरी तपमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. उघडे पाणी तेथे टिकत नाही. बर्फ खणून, बंद दालनात वितळवून, धुण्यास वापरून, ते पाणी पुन्हा शुद्ध करावे लागेल, आणि निघालेला क्षार कोठे ठेवावयाचा हेही ठरवावे लागेल.

शिवाय त्या भुशाला माती म्हणणे ही केवळ भाषेची सवय आहे. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्टचा, आणि वऱ्हाडची काळी जमीनही बेसाल्टचीच लेक. दोहोंमधील अंतर पाऊस, मुळे आणि सूक्ष्म जीव यांनी दीर्घकाळ केलेल्या कामाचे आहे. हे अंतर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे डोळ्यांनी पाहता येते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टवर उल्कापाताने झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. म्हणूनच चंद्र-मंगळावरील विवरांचे अभ्यासक तेथे येतात. पाषाण तोच, आघात तसाच. परंतु लोणारच्या उतारावर झाडी आहे. तळ्याचे पाणी अत्यंत अल्कधर्मी असूनही जीवशून्य नाही. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेही लवणप्रेमी सूक्ष्म जीवांमुळेच.

मृत भुशात बी रुजतच नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने २०२२ साली अपोलो यानांनी आणलेल्या चंद्रधुळीत मोहरीच्या कुळातील एक लहानसे रोप वाढविले. बी रुजले, पण मुळे खुरटली आणि वाढ मंदावली. हे सर्व पृथ्वीच्या हवेत, पोषक द्रव्ये पाजून झाले, हे विसरता कामा नये.

हवेची कथा थोडक्यात सांगता येईल. ‘पर्सिव्हिअरन्स’ यानावरील उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण केला. तत्त्व सिद्ध झाले, परिमाण अत्यल्प. याउलट १९९१ साली ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर-२’ या बंद काचगृहात आठ माणसे दोन वर्षांसाठी राहिली, तेव्हा प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला व बाहेरून पुरवावा लागला. सुपीक म्हणून मुद्दाम घातलेल्या मातीतील जीवांनीच तो खाल्ला होता.

तेव्हा अंटार्क्टिकावरील तळांसारखी, रसद बाहेरून येणारी संशोधन-ठाणी चंद्रावर व कालांतराने मंगळावर उभी राहणे संभवनीय आहे. पिढ्यान्‌पिढ्या स्वबळावर नांदणारे गाव ही निराळी गोष्ट. त्याची पूर्वतयारी अद्याप प्रयोगशाळेतही पुरी झालेली नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणणे २०२३ साली साधले. उरलेल्या दोन टक्क्यांची भरपाई पृथ्वीवरून होते. तेथपर्यंतचे अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे. मंगळाकडे यान धाडण्यास सोयीचा काळ मात्र सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येतो.