मुंगी, वॉलरस आणि एफबीआय

ज्ञानदेवांनी काट्याच्या टोकावर गावं वसवली, तीही माणसांवाचून. तिथे कुंभार येतात, तर ते थोटे. तरी मडकी होतात, त्यांत मूग रटरटत राहतात, पाहुणे येऊन रुसून बसतात, त्यांची समजूत काढायला म्हशी द्याव्यात तर त्या वांझ. पुढे खोटे रुपये निघतात आणि ते तपासायला आंधळे पारखी! जे येतं ते तिनाच्या हिशेबात, आणि तिन्ही निकामी. अशा रचनांना कूट अभंग म्हणतात. ‘तीन म्हणजे सत्त्व, रज, तम,’ असं एक कीर्तनकार सांगतो. ‘जागृती, स्वप्न, सुषुप्ती,’ असं दुसरा. ज्ञानदेव स्वतः काहीच फोडून सांगत नाहीत, सद्गुरूकडे बोट दाखवून मोकळे होतात. गंमत अशी की अर्थाच्या आधी हा अभंग पाठ होतो. एका ओळीचं शेपूट दुसरीच्या तोंडात असल्यामुळे लहान मुलंसुद्धा तो धडाधड म्हणतात.

एकनाथांचा स्वभाव निराळा. त्यांच्या भारुडात विंचू चावतो, बाई कळवळते, प्रेक्षक हसतात, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे नाथ तिथल्या तिथे सांगून टाकतात. सत्त्वगुणाचा उतारासुद्धा देतात. रोडग्याचं भारूड मात्र खरं बिलंदर आहे. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणकेची जाड भाकरी. तो भवानीला वाहीन, असा नवस सून बोलते, आणि बदल्यात काय मागते? सासऱ्याचा काटा काढ, सासूला ने, जावेचं वाटोळं कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे! ऐकणाऱ्या बायकांना यात आपलं घर दिसतं आणि हशा उसळतो. मग शेवटी ती म्हणते, सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. इथे भारूड उलटतं. सासरा अहंकार होतो, सासू माया होते आणि एकटं राहणं म्हणजे अद्वैत. मला विचाराल तर दोन्ही अर्थ खरे आहेत. सुनेचा जाच खोटा ठरवून केवळ अध्यात्म उरवलं, तर भारुडातला जीवच जातो.

हा खेळ काही फक्त आपला नाही. कबीराच्या अशा पदांना हिंदीत उलटबाँसी म्हणतात. अभ्यासक हरप्रसाद शास्त्रींना 1907 साली नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांची, म्हणजे जुन्या बौद्ध गूढगीतांची, पोथी मिळाली. तिच्यातल्या एका पदात बैल वितो, गाय वांझ राहते आणि काढलेलं दूध परत आचळात शिरतं.

आता अमेरिका. 1963 साली ‘द किंग्जमेन’ या बँडने ‘लुई लुई’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. गायकाचे शब्द इतके गिळलेले, की पोरांनी त्यात मनाला येईल तसा चावटपणा ऐकला. पालकांच्या तक्रारी थेट सरकारदरबारी गेल्या आणि एफबीआय कामाला लागली. तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली, शंभराहून जास्त पानांची फाइल तयार झाली. निष्कर्ष काय? कोणत्याही वेगाने लावा, शब्द कळत नाहीत. गाण्यात खरं तर एक खलाशी लुई नावाच्या माणसाला आपल्या दूरच्या प्रेयसीबद्दल सांगतोय, बस्स!

‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडच्या जॉन लेननला 1967 मध्ये त्याच्या जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. वर्गात बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला सांगतात, असं त्यात होतं. लेननने ठरवलं, आता लावाच अर्थ! ‘आय अॅम द वॉलरस’मध्ये त्याने मुद्दाम अगम्य शब्द ठासून भरले. वॉलरस घेतला लुईस कॅरलच्या 1871 च्या पुस्तकातून. तिथे वॉलरस आणि सुतार कालवांना गोड बोलून फिरायला नेतात आणि फस्त करतात. आपण खलनायकाची बाजू घेतली हे लेननला पुढे कळलं. वर 1968 च्या दुसऱ्या गाण्यात ‘वॉलरस पॉल होता’ असं सांगून त्याने गोंधळात भर घातली.

गायिका कार्ली सायमनच्या 1972 च्या ‘यू आर सो व्हेन’मधला गर्विष्ठ पुरुष कोण, हे जाणून घ्यायला 2003 साली एका टीव्ही अधिकाऱ्याने धर्मादाय लिलावात 50,000 डॉलर मोजले, अट एकच, नाव कोणाला सांगायचं नाही. दुसरं कडवं अभिनेता वॉरन बेटीवर आहे, एवढं तिने 2015 मध्ये जाहीर केलं. बाकीचं जगासाठी गुपितच.

आता परत आपल्याकडे. ‘इजाज़त’ (1987) या चित्रपटातलं ‘मेरा कुछ सामान’ गुलजारांनी संगीतकार पंचमसमोर ठेवलं, तेव्हा पंचम वैतागले: उद्या वर्तमानपत्राचा मथळा आणून चाल लाव म्हणशील! ना यमक, ना ठरावीक मीटर, आणि सामानात काय काय तर ओले दिवस, एक रात्र. त्या गाण्याने गुलजार आणि गायिका आशाताई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार दिला.

आणि कवी ग्रेस. त्यांचं ‘निवडुंग’ चित्रपटातलं, हृदयनाथांनी गायलेलं ‘ती गेली तेव्हा’ अनेकांनी प्रेमभंगाचं गाणं म्हणून जवळ केलंय. पाऊस आहे, विरह आहे, ‘ती’ आहे. मग एका कडव्यात ‘आई’ हा शब्द येतो आणि आतापर्यंत ऐकलेलं सगळं नव्याने ऐकावं लागतं. तरी चुकून ऐकणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, कारण रडू तेच असतं.

तुम्हाला अर्थ लावायची हौस असेल, तर मुक्ताईपासून सुरुवात करा. तिची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो. योग्याचा अनुभव, लहानात सामावलेलं अनंत, कुंडलिनी: हवा तो अर्थ घ्या, अभंग तेवढा ऐसपैस आहे. शेवटी माशी घारीला जन्म देते, आणि ते बघून मुक्ताईला हसू येतं.