पाय घसरून पडले म्हणणाऱ्या बाया

मी निवृत्त परिचारिका. ‘पाय घसरून पडले’ हे ओपीडीत इतकं ऐकलंय, की जखमेची जागाच आधी पाहते. पडल्यावर गुडघे-तळहात खरचटतात. मानेवर वळ उठत नाहीत. मारहाणीने ओटीपोटात दुखणं, गर्भपात, नैराश्यही येतं.

पद्मा भाटे-देवस्थळी यांनी ‘सेहत’ संस्थेत अनेक वर्षं बायकांवरच्या अशा घरगुती हिंसाचारावर संशोधन केलं. ‘सेहत’ आणि मुंबई महापालिकेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र काढलं. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या घाटी रुग्णालयातही जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण झालं. बाईला एकटीला विचारायचं, ऐकून घ्यायचं. (सासूबाईंना बाहेर बसवणं, हे खरं कौशल्य!) घर सुरक्षित नसेल, तर ‘दिलासा’त तिला देखरेखीसाठी रुग्णालयातच ठेवून घेतात.