वऱ्हाडातील नवे दृष्टांत

खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरावरून ज्या गावाला आपले नाव मिळाले, त्या नांदगाव खंडेश्वरच्या एसटी स्थानकावर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत कॉलेजातील चारदोन मुले एकाच मोबाइलभोवती कोंडाळे करून उभी होती, आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांच्यात हास्याचा असा काही कल्लोळ उठत होता की, बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी त्यांतल्या एकाला म्हटले, ''दाखव बरं बाबू, काय आहे थे?'' त्याने संकोचत मोबाइल पुढे केला. चित्रपटातील एक दृश्य होते. फलाट सोडून निघालेली आगगाडी आणि तिच्यामागे जिवाच्या आकांताने धावणारा एक मनुष्य. गाडीवर लिहिले होते 'हमीभाव', धावणाऱ्याच्या छातीवर 'सोयाबीन', आणि खाली एकच ओळ : 'थांब नं बे, मले बी घे!'

''समजलं का काका?'' त्याने विचारले.

समजले, आणि पुरते समजले. ज्या तालुक्यात घरोघरी सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्यावर वर्षाचा संसार उभा असतो, तेथे दहा शब्दही न खर्चता एका मुलाने सबंध हंगामाची फिर्याद मांडली होती. मात्र हे चित्र कळण्यासाठी हमीभाव म्हणजे काय, तो हाती का लागत नाही, आणि 'मला' ऐवजी 'मले' म्हटल्याने बोलणारा कोणत्या मुलखाचा ठरतो, इतके सारे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. ज्याचा अर्थ लागण्यासाठी एवढी पूर्वतयारी लागते, त्या मजकुराला अभ्यासाचा विषय न म्हणावे तर काय म्हणावे?

अशा चित्रांना 'मीम' म्हणतात, हे आता सर्वांस ठाऊक आहे. हा शब्द इंटरनेटच्याही आधीचा आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली, अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, तो घडविला; एका मनातून दुसऱ्या मनात नकलेच्या वाटेने जाणारी कल्पना, चाल, म्हण किंवा रीत एवढाच त्याचा मूळ आशय. परंतु ही वस्तू समजून घेण्यासाठी आपल्याला तितके दूर जाण्याचेही कारण नाही, कारण आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, महानुभाव पंथीयांनी तेराव्या शतकात मराठी गद्याचा पाया घातला. पंथप्रवर्तक चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ज्या 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले, त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची तीन अंगे आहेत : प्रथम सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी त्या दृष्टांताचा प्रस्तुताशी संबंध जोडणारे दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे. दार्ष्टांतिक मात्र केसोबासांनी लिहिले.

मीममध्ये दृष्टांत असतो. दार्ष्टांतिक कोठेही लिहिलेले नसते. ते पाहणाऱ्याने मनातल्या मनात पुरवावयाचे असते, त्यातच त्याची गंमत आहे आणि त्यातच त्याचे भयही आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी फिरते आहे या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. तो मजकूर हास्यचित्राचा नव्हता, पण वाट तीच होती : हातातून हातात, विचारपूस न करता. हे कोणी रचले, कोणासाठी रचले, यात कोणाला हसविले जाते आणि कोणाला हसले जाते, हे प्रश्न जर शाळेतल्या भाषेच्या तासाला विचारले गेले नाहीत, तर ते नंतर पोलीस ठाण्यातल्या जाबजबाबातच विचारले जातात, असे मला कळकळीने वाटते.

मीमप्रमाणेच खेळही अभ्यासाचा विषय होऊ शकतो; आता त्यांविषयी. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. आखाड्यातला मल्लखांब आणि गल्लीतले हुतूतू यांना विद्येचा दर्जा देऊन, त्यांचे नियम, शिक्षक आणि अभ्यासक्रम ज्या संस्थांनी घडविले, त्यांत या संस्थेचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी तिच्या पथकाने आपल्या खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. खेळ शिकविण्याजोगा असतो, हे वऱ्हाडाला कोणी बाहेरच्याने येऊन सांगण्याची गरज नाही.

हेच व्हिडिओ गेमलाही लागू आहे. तो गोष्ट सांगतो, पण त्याची खरी भाषा नियमांची असते. ज्याची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडली जाते त्या मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी चढते आणि दुर्गुणाच्या घरात साप गिळतो. तेथे उपदेश पटाच्या रचनेतच बसविलेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या खेळात सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी आपल्या पळवून नेलेल्या भावाला शोधत निघते, आणि पुराणकथा, राजस्थानी वास्तू व छायाबाहुल्यांचा खेळ यांतून तिचा मार्ग जातो. त्याच वर्षी 'पबजी' या मोबाइलवरील खेळावर सरकारी बंदी आली, आणि घराघरांत चर्चा झाली ती या बंदीचीच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे खेळ आणि इतर खेळ यांत स्पष्ट भेद केला. हाच भेद मुलाला स्वतः करता येणे मला अधिक मोलाचे वाटते. मुंबईत त्याच वर्षी सुरू झालेल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेत असे खेळ बनविण्याचे शिक्षण मिळते, हे उत्तमच. पण बनविणारे थोडे असणार, खेळणारे लक्षावधी.

या खेळणाऱ्यांना खेळाचे नियम पारखायला शिकविण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. जुन्या पुठ्ठ्यावर खरीप हंगामाचा पट आखावा : पेरणीला इतके दाम, पाऊस फाशावर, दुबार पेरणीचे एक घर, आणि बाजारभावाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती. चार डाव झाले की कोणी ना कोणी मुलगी विचारीलच, ''सर, हा नियम कोनं बनवला?'' तो प्रश्न उमटला की तास सत्कारणी लागला असे समजावे.

तालुक्यातील मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की, आठवड्यातून एक तास मुलांना त्यांना आवडलेले एक मीम वहीत उतरवून आणावयास सांगावे, आणि त्याखाली चार ओळींचे दार्ष्टांतिक त्यांच्याच वऱ्हाडीत त्यांच्याकडून लिहून घ्यावे.