समान अटींसाठी सव्वाशे वर्षं

१९०४ साली न्यूयॉर्कच्या मेसीज या भल्यामोठ्या दुकानात ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी ८९ सेंटला मिळत होती. प्रकाशकाने मात्र पुस्तकातच छापून ठेवलं होतं की किंमत एक डॉलर, त्याहून कमीत विकण्याची कोणालाही परवानगी नाही. अकरा सेंटचा हा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९०८ साली निकाल लागला: पुस्तक एकदा विकलं की पुढे ते कितीला विकावं, हे कॉपीराइटच्या जोरावर ठरवता येणार नाही.

अमेरिकन बुकसेलर्स असोसिएशन १९०० साली स्थापन झाली ती याच दुखण्यातून. मोठी दुकानं गिऱ्हाईक आत यावं म्हणून पुस्तकांचे भाव पाडत. नफा कापडात, भांड्यांत भरून काढत. ज्याचं पोट निव्वळ पुस्तकांवर, त्याने काय करावं? आपल्याकडे प्रदर्शनाच्या मांडवात खुद्द प्रकाशकच घसघशीत सवलत देऊ लागला की कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याची जी गत होते, तीच ही. प्रकाशकांनी ठरवलेल्या किमतीच सगळ्यांनी पाळाव्यात म्हणून विक्रेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण न्यायालयांनी ती वाट बंद केली.

पुढची काही दशकं संघटना मुख्यतः वार्षिक अधिवेशनांची आणि गौरवसोहळ्यांची होती. राष्ट्रीय पुस्तक पुरस्कार १९३६ साली तिनेच सुरू केले. अधिवेशनात प्रकाशकांची दालनं लागू लागली आणि त्याची देशातली सर्वांत मोठी पुस्तकजत्रा झाली.

खरी कसोटी आली ती बार्न्स अँड नोबल आणि बॉर्डर्स यांच्या साखळी दुकानांमुळे. लहान दुकानदारांची तक्रार होती की प्रकाशक या साखळ्यांना छुप्या सवलती देतात. एकाच मालावर गिऱ्हाइकागणिक वेगळा दर लावायला १९३६ च्या कायद्याने बंदी होती. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या अधिवेशनातच संघटनेने पाच प्रकाशकांविरुद्ध दावा जाहीर केला. ज्यांची दालनं आवारात लागलेली, त्यांच्यातल्याच काहींना कोर्टात खेचायचं, याला छाती लागते. काही बडे प्रकाशक रागावले, पुढच्या वर्षी शिकागोला फिरकलेच नाहीत. दावे मात्र प्रकाशकांना अटी बदलायला लावून मिटले, आणि समझोता मोडल्याबद्दल १९९७ मध्ये पेंग्विनला अडीच कोटी डॉलर मोजावे लागले. १९९८ चा दुसरा दावा थेट दोन्ही साखळ्यांवर होता. तो २००१ मध्ये ४७ लाख डॉलरवर मिटला, त्यातून वकिलांचा सगळा खर्चही निघाला नाही. पहिली लढाई सार्थकी लागली, दुसरी महागात पडली, असंच मला वाटतं.

याच काळातली एक गोष्ट मला या सगळ्या खटल्यांपेक्षा मोलाची वाटते. २००० साली कोलोरॅडोत पोलिसांना अमली पदार्थांच्या एका अड्ड्यावर ते कसे बनवावेत हे सांगणारी दोन पुस्तकं मिळाली, आणि बाहेरच्या कचऱ्यात डेन्व्हरच्या ‘टॅटर्ड कव्हर’ या दुकानाचं रिकामं पाकीट. त्यातून कोणतं पुस्तक गेलं ते सांगा, म्हणून पोलीस वॉरंट घेऊन आले. दुकानाच्या मालकीण जॉइस मेस्किस, संघटनेच्या माजी अध्यक्ष, यांनी नोंद दाखवायला साफ नकार दिला. संघटनेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रतिष्ठानने त्यांना पाठबळ दिलं. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दुकानाच्या बाजूने कौल दिला. त्या पाकिटातून गेलेलं पुस्तक जपानी सुलेखनाचं होतं, हे नंतर उघड झालं. वाचक काय वाचतो याची राखण करणारा दुकानदार आपल्या शहरात असणं किती महत्त्वाचं, ते अशा वेळी कळतं.

दुकानं मात्र भराभर मिटत होती, अॅमेझॉनने तर कंबरडंच मोडलं. २००९ मध्ये सभासदांची १,६५१ दुकानं उरली. तोवर संघटनेची चाल बदलली होती: कोणत्याही सभासद दुकानात चालणारी भेटकुपनं, दुकानदारांनी निवडलेल्या पुस्तकांच्या याद्या, २००६ पासून दर हिवाळ्यात भरणारं शिबिर. आपलं शहर, आपलं दुकान हा आग्रह लोकांनाही पटू लागला. २०११ साली बॉर्डर्स बुडालं आणि काही गावांत जागा मोकळी झाली. २०१९ पर्यंत दुकानं २,५२४ झाली. सगळं श्रेय संघटनेचं नाही, पण नव्याने दुकान थाटणाऱ्याला सल्ला विचारायला एक घर होतं, ते तिने राखलं.

भाव पाडून विकणाऱ्या बड्या दुकानाचा प्रश्न आजही सुटलेला नाही, फक्त मेसीजच्या जागी अॅमेझॉन आलं. ऑगस्ट २०२० मध्ये अॅमेझॉनच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीला एक पत्र गेलं. त्यावर लेखकांची आणि विक्रेत्यांची संघटना होती, आणि सोबत प्रकाशकांचीही.