परसबागेचें रक्षण : आधीं ओळख, मग उपाय

घराच्या मागें थोडीं वांगीं, टोमॅटो, भेंडी, मेथी व एखादा दोडक्याचा वेल एवढें जरी लाविलें, तरी वर्षांतील पुष्कळ दिवस घरच्या भाजीची चिंता मिटते. बाजारचा खर्च वांचतो हा एक लाभ. मुलांच्या ताटांत ताजी भाजी पडते हा दुसरा. आणि आपल्या हातानें लाविलेलें रोप वाढतांना पाहण्याचा आनंद हा तिसरा. परंतु ज्यांनीं परसबाग केली आहे त्यांना हेंहि ठाऊक असतें कीं, महिन्याची मेहनत एका रात्रींत नाहींशी होऊं शकते. सायंकाळीं डोलत असलेलीं रोपें सकाळीं देठाशीं छाटलेलीं दिसतात; वांग्याचा शेंडा मान टाकतो; दोडका बाहेरून हिरवा, पण आंतून सडका निघतो. अशा वेळीं घरांतील कर्ता माणूस संतापून दुकानांत जातो, 'कांहीं तरी जालीम औषध द्या' म्हणतो, आणि ती बाटली बागेवर रिती करतो. तें औषध कोणासाठीं आणिलें, ह्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्याच्यापाशीं नसतें.

ह्या लेखांत सांगावयाची गोष्ट एकच आहे. शत्रु कोण हें ओळखल्यावांचून त्याच्यावर उपाय करूं नये. वैद्य नाडी पाहून औषध देतो. माळ्यानें जखम पाहून उपाय योजावा. पान किंवा देठ कसें तुटलें आहे? नुकसान दिवसां झालें कीं रात्रीं? जवळपास कोणती खूण मागें राहिली आहे? हे तीन प्रश्न ज्यानें विचारले, त्याचें अर्धें काम झालें असें समजावें.

प्रथम मोठ्या प्राण्यांकडे वळूं. माळरानाच्या किंवा जंगलाच्या कडेस राहणाऱ्या कुटुंबांची तक्रार बहुधा सशाविषयीं असते. पण पुष्कळदां चोरी शेजारच्या शेळीची असते आणि आळ सशावर येतो. हा न्याय करणें अवघड नाहीं. सशाला वर व खालीं दोन्ही जबड्यांत पुढचे धारदार दांत असतात. म्हणून त्यानें खाल्लेला देठ कात्रीनें तिरपा कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. शेळीच्या वरच्या जबड्यांत पुढचे दांतच नसतात. ती पाला धरून हिसका देते, आणि त्यामुळें तुटलेल्या जागीं चिंध्या लोंबतात. ससा आला असेल तर वाफ्याच्या आसपास वाटाण्याएवढ्या, गोल व कोरड्या लेंड्याहि सांपडतात. तो रात्रीं व पहांटे चरतो. दिवसां सहसा दिसत नाहीं.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. इंग्रजी पुस्तकांतून ज्या सशाचें वर्णन येतें, तो युरोपांतील ससा बीळ खणून कळपानें राहतो. आपला रानससा बीळ खणीत नाहीं. गवतांत अंगाच्या आकाराचा खळगा करून त्यांत तो पडून राहतो. त्याचीं पिलें जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. बागेच्या दृष्टीनें ह्या भेदाचा अर्थ असा कीं, आपला ससा कुंपण खालून पोखरण्यापेक्षां त्यांतील फट शोधून किंवा उडी मारून आंत येण्याचा संभव अधिक. म्हणून जाळीची उंची तीन फुटांहून कमी नसावी. भोंक एका इंचाहून मोठें नसावें. आणि खालची कड सहा इंच जमिनींत पुरावी, म्हणजे मातीच्या उंचसखलपणामुळें फट राहणार नाहीं. दाराखालची फट ही सर्वांत दुर्लक्षिलेली जागा होय. चहूंकडे उत्तम जाळी लावून दाराखालीं चार इंचांची मोकळी वाट ठेवणारे सज्जन पुष्कळ आहेत. जेथें जाळीचा खर्च परवडत नाहीं, तेथें बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांची दाट काटी लावावी. आपल्या वाडवडिलांचा तो उपाय आजहि खोटा ठरलेला नाहीं. फांसे लावून ससा मारण्याचा विचार मात्र कोणीं मनांत आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार हा गुन्हा ठरविला आहे.

कुंपण वेळेवर घालणें किती महत्त्वाचें, ह्याची साक्ष ऑस्ट्रेलियाचा इतिहास देतो. १८५९ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील टॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेपायीं चोवीस ससे आपल्या जमिनींत सोडले. थोड्याच दशकांत त्यांच्या संततीनें त्या खंडाचीं कुरणें व शेतें उजाड केलीं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें १९०१ मध्यें त्यांना अडविण्यासाठीं कुंपण बांधावयास घेतलें. तें १९०७ मध्यें पुरें झालें; त्याची लांबी १,८३३ किलोमीटर होती. पण काम चालूं असतांनाच ससे त्या रेषेच्या पलीकडे पोहोंचले होते! आपल्या चार वाफ्यांसाठीं ह्यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, कुंपण आधीं घालावें व बी मागून पेरावें.

उंदीर व घूस ह्यांची गोष्ट वेगळी. टोमॅटो अर्धवट कुरतडलेला, रताळें किंवा मुळा जमिनीखालून पोकळ केलेला, आणि बांधाशीं ताज्या मातीचा ढीग, अशी खूण दिसली कीं घूस आहे असें समजावें. सायंकाळीं सर्व बिळें चिखलानें लिंपावीं. सकाळीं जीं पुन्हां उघडलेलीं दिसतील, तींच वसतीचीं होत. पिंजरा तेथें ठेवावा. बागेंत इतरत्र ठेवून उपयोग नाहीं. विटांचे व लांकडांचे ढीग हालवावे, आणि उष्टें-खरकटें उघड्यावर टाकूं नये. उंदरांसाठीं विकत मिळणारें झिंक फॉस्फाईड घरांत आणण्यापूर्वीं शंभरदां विचार करावा. तें पोटांत गेल्यावर विषारी वायु उत्पन्न करतें, आणि त्यावर नेमका असा उतारा नाहीं. पिठांत कालवलेली ती गोळी उंदीरच खाईल, अंगणांत खेळणारें मूल किंवा कोंबडी खाणार नाहीं, अशी हमी कोण देणार?

पावसाळ्यांत शंखी गोगलगाय हा मोठा शत्रु होऊन बसतो. ही मूळची आफ्रिकेंतील. १८४७ सालीं ती मॉरिशस बेटांतून कलकत्त्यास आणली गेली व तेथून पसरत गेली. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर व बीड ह्या जिल्ह्यांत तिनें सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं, तेव्हां कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. ती रात्रीं हिंडते व मागें रुपेरी चिकट रेघ ठेवून जाते. सायंकाळीं गुळाच्या पाण्यांत भिजविलेलें गोणपाट वाफ्याशेजारीं पसरावें. सकाळीं त्याच्या खालीं ह्या मंडळीची सभा भरलेली आढळते. त्यांना उघड्या हातानें स्पर्श करूं नये, कारण त्यांच्या अंगीं माणसाला बाधणारे सूक्ष्म जंत असूं शकतात. हातमोजे किंवा चिमटा घेऊन त्या वेंचाव्या व साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यांत बुडवाव्या. मीठ वाफ्यावर मात्र फेंकूं नये. त्यानें माती बिघडते. मातींत साबूदाण्यासारखीं अंडीं सांपडलीं तर तींहि नष्ट करावीं.

आतां किडींकडे पाहूं. त्यांच्या नांवांची यादी लांब आहे, पण खाण्याच्या रीतीवरून त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कुरतडणाऱ्यांचा. पानांना भोंकें पडलीं किंवा कडा खाल्ल्या गेल्या म्हणजे अळी तेथेंच कोठें तरी असते. लिंबाच्या रोपावरील लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व त्यामुळें दृष्टीस चुकविते. परंतु एकदां ओळख पटली कीं मुलें ती सहज वेंचून काढतात. चार वाफ्यांच्या बागेंत हातांनीं अळ्या वेंचणें ह्याहून स्वस्त व निर्धोक उपाय नाहीं.

दुसरा वर्ग रस शोषणाऱ्यांचा. पान आकसतें, चिकट होतें, व झाडावर मुंग्यांची रांग लागते. मुंग्या तेथें माव्याच्या गोड स्रावासाठीं येतात व त्याच्या शत्रूंना हुसकावून लावितात. म्हणजे मुंगी ही खूण आहे, रोग नव्हे. माव्यावर प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्यानें न भागल्यास निंबोळीचा अर्क करावा. वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराचा भुगा ५० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावा. दुसरे दिवशीं फडक्यानें गाळून त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा घालावा, व त्याच दिवशीं उन्हें उतरल्यावर फवारावा. उन्हानें ह्या अर्काचा गुण लवकर उडतो. शिवाय सायंकाळीं मधमाशा घरीं परतलेल्या असतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर मात्र तो केवडा रोग समजावा. पांढरी माशी त्याचें विष एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगी झाड बरें होत नाहीं. तें तत्काळ उपटून टाकण्यांतच इतरांचें कल्याण आहे.

तिसरा वर्ग पोखरणाऱ्यांचा, आणि ओळखीचें महत्त्व येथें सर्वांत अधिक कळून येतें. वांग्याचा शेंडा वाळला कीं लोक वरून औषध मारतात. पण अळी शेंड्याच्या आंत बसलेली असते. वरचें औषध तिला लागत नाहीं, खाणाऱ्याला मात्र लागतें. वाळता शेंडा भोंकाच्या खालून कापावा व अळीसकट नष्ट करावा. किडकीं वांगीं झाडावर ठेवूं नयेत. दोडका, कारलें, काकडी ह्यांना फळमाशी डंख करते, व तिच्या अळ्या फळांत वाढून पुढें मातींत कोश करतात. म्हणून फळ बोटाएवढें असतांनाच त्याला कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधावी, गळलेलीं फळें खोल पुरावीं, आणि वेलाखालची माती मधून मधून उकरावी, म्हणजे कोश पक्ष्यांच्या दृष्टीस पडतात.

शत्रूप्रमाणें मित्रहि ओळखावे लागतात. ढालकिड्याची काळसर, मगरीच्या आकाराची अळी पाहून मुलें तिला चिरडतात. वास्तविक ती माव्याची कर्दनकाळ आहे. धामण दिसतांच काठी उचलली जाते. पण ती बिनविषारी असून उंदरांवर जगते. घुबडाला आपण अशुभ म्हणतों. तें रात्रभर आपल्याच बागेची राखण करतें. काकडी व भोपळा ह्यांच्या वेलावर नर व मादी फुलें निराळीं असतात, आणि मधमाशी न आल्यास फळ धरत नाहीं. जालीम औषध ह्या सर्वांना एकाच वेळीं मारतें. पुढें मावा लवकर परततो, मित्र उशिरा परततात, आणि दुसऱ्या खेपेस बाटली अधिक मोठी लागते.

ह्या विषाची किंमत माणसांनींहि मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं. तीं कोणाचे तरी वडील, कोणाचे तरी भाऊ होते. मोनोक्रोटोफॉस नांवाच्या औषधाचा भाजीपाल्यावर वापर करण्यास आपल्या देशांत २००५ सालापासून बंदी आहे, तरी शेतांतून उरलेली बाटली परसांत आणण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्येक औषधावर फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडूं नये हें लिहिलेलें असतें. परसबागेंत सकाळीं फवारून सायंकाळीं मेथी चिरणारें घर त्या अक्षरांकडे पाहतच नाहीं. ज्या मुलांच्या आरोग्यासाठीं बाग केली, त्यांच्याच ताटांत विष वाढण्यासारखें हें आहे.

तेव्हां पालकांना एवढीच विनंती कीं, बागेचें रक्षण हें सर्व कुटुंबाचें काम करावें. कुंपण व पिंजरा वडिलांनीं पाहावा. निंबोळीचा अर्क आईनें व मोठ्या मुलींमुलांनीं मिळून करावा. आणि रोज सकाळीं शाळेपूर्वीं पंधरा मिनिटें लहान मुलांनीं पानांच्या खालच्या बाजू तपासाव्या. एक वही ठेवून कोणत्या महिन्यांत कोणती कीड आली व कशानें गेली हें लिहावें. दोन वर्षांत ती वही दुकानदाराच्या सल्ल्याहून अधिक उपयोगी ठरेल, कारण ती तुमच्याच मातीची हकीकत सांगेल. आणि थोडी मेथी सशानें, एखादा टोमॅटो बुलबुलानें खाल्लाच, तर तेवढें सोसावें. निर्विष भाजीसाठीं ही किंमत फार नाहीं.